यूकेला नर्स म्हणून जाताय? मग नवरा-मुलांना कधी आणि कसं न्यायचं ते बघू

आधी एक गोष्ट क्लिअर करते. हे सगळं रजिस्टर्ड नर्सेससाठी आहे, म्हणजे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या आणि तिथल्या एनएमसीचं (यूकेच्या नर्सिंग कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन घेऊन काम करणार असलेल्यांसाठी. एएनएमवर हे होत नाही. आणि केअर वर्कर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी) म्हणून जायचा विचार असेल तर तो रस्ता आता बंद आहे, ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलं आणता येईनात आणि २२ जुलै २०२५ पासून तर बाहेरच्या देशातून त्या कामासाठी नवीन भरतीच थांबवली. तरीपण "मॅडम, केअरमध्ये जागा आहेत, फॅमिली व्हिसा मिळेल, फक्त एवढे लाख भरा" असे फोन अजून येतात, असा फोन आला की सरळ कट करा.

दुसरं म्हणजे २०२२-२३ मध्ये जशी धडाधड भरती चालू होती तशी आता नाहीये. जागा निघतात, पण हॉस्पिटलं आधी तिथल्याच पोरींना घेतात. त्यामुळे इथली नोकरी सोडून, घरच्या ईएमआयचा विचार न करता तयारीला लागू नका, ड्युटी करत करतच तयारी करा.

नावाचा घोळ आधी निस्तरा

आपल्याकडच्या नर्सेसचं गाडं सगळ्यात जास्त इथे अडतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर मधलं नाव गाळलेलं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतंच पहिलं नाव. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडचा माणूस कागद बघून म्हणणार की या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. त्यामुळे इंग्लिशच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी हे करून घ्या: लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा (लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी होते, साक्षीदार शोधायला लागतात एवढंच), कौन्सिलच्या रेकॉर्डला नाव बदलून घ्या, गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून घ्या, आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर दोघांचीही पूर्ण नावं, पासपोर्टवर आहेत तशीच, इंग्रजीत आहेत का ते तपासा. परीक्षेचा फॉर्मपण पासपोर्टवरच्याच नावाने भरायचा.

कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन थेट एनएमसीकडे जावं लागतं, तुमच्या हातात दिलेला कागद चालत नाही. त्याला वेळ लागतो, पाठपुरावा करायला लागतो, त्यामुळे कोणाचा नंबर, कोणती तारीख, कोणती पावती हे एका वहीत लिहून ठेवा. कॉलेज लांबचं असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी एक फेरी धरूनच चाला, फोनवर "पाठवतो" म्हणतात आणि पाठवत नाहीत.

इंग्लिश आणि सीबीटी

आयईएलटीएस ॲकॅडेमिक किंवा ओईटी (आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीची इंग्लिशची परीक्षा), दोन्ही चालतं. आयईएलटीएसला वाचन, ऐकणं आणि बोलणं यात ७, लिखाणात ६.५. ओईटीला त्या तिन्हीत बी आणि लिखाणात सी प्लस. माझं मत विचाराल तर वॉर्डमध्ये काम केलेल्या बाईने ओईटी द्यावी, कारण त्यात पेशंटचं रेफरल लेटर लिहायचं असतं आणि पेशंटशीच बोलायचं असतं, आयईएलटीएससारखं जागतिक तापमानवाढीवर निबंध नसतो. एका बैठकीत सगळे स्कोअर नाही आले तर बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षा मिळून दाखवता येतात, पण त्यालाही खालची मर्यादा आहे, ती एनएमसीच्या साईटवर बघून घ्या.

सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, भारतात पिअर्सन व्ह्यूच्या सेंटरला होते. पहिला भाग औषधांच्या हिशोबाचा, १५ प्रश्न अर्धा तास, दुसरा नर्सिंगचा, १०० प्रश्न अडीच तास. फी ८३ पौंड. हिशोबाच्या भागात आपल्या पोरी तयार असतात, दुसऱ्या भागात मात्र तिकडचे नियम विचारतात, म्हणजे पेशंटने उपचाराला नाही म्हटलं तर काय, सेफगार्डिंग म्हणजे काय, चूक झाली तर ती पेशंटला सांगायची की नाही. एनएमसीचा कोड नावाचं छोटं डॉक्युमेंट फुकट मिळतं, ते दोन-तीनदा नीट वाचलं की उत्तरं आपोआप सुचायला लागतात. महागड्या क्लासपेक्षा ते बरं.

नोकरी शोधताना पैसे द्यायचे नाहीत

एनएचएस (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) जॉब्स आणि ट्रॅक या साईटवर अर्ज फुकट असतो. एजन्सीतून गेलात तरी नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नाहीत असा यूकेचा भरतीचा कोड आहे आणि तो पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस एम्प्लॉयर्सच्या साईटवर आहे, त्यात नाव नसेल तर पुढे जाऊ नका. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस, हॉस्पिटल तुम्हाला नोकरीवर घेतंय याचा व्हिसासाठीचा दाखला) याची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज हे हॉस्पिटलने भरायचे असतात, तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. "सीओएस विकत मिळेल" असं कोणी म्हणालं तर तो फ्रॉड आहे, दुसरं काही नाही. स्पॉन्सरचं लायसन्स आहे का ते सरकारी साईटवरच्या यादीत एका मिनिटात कळतं.

ऑफर लेटर आलं की आनंदाने लगेच सही करू नका. एवढं बघा: तिकीट आणि परीक्षांची फी कोण देणार, सुरुवातीला राहायला किती आठवडे खोली देणार, आणि दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे. तो शेवटचा क्लॉज बऱ्याच ठिकाणी असतो आणि बारीक अक्षरात असतो. वर्ष सरत जाईल तशी रक्कम कमी होते का, ते मेलवर लेखी विचारा.

पगाराचं म्हणाल तर ओएससीई (तिथे गेल्यावर द्यायची प्रॅक्टिकल परीक्षा) पास होऊन पिन (एनएमसीचा रजिस्ट्रेशन नंबर) मिळेपर्यंत बँड (पगाराची श्रेणी) ३ किंवा ४ चा, नंतर बँड ५. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला बँड ५ ची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंड होती. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला हातात साधारण दोन हजार पडतात. रात्रीच्या आणि शनिवारच्या तासांना ३० टक्के आणि रविवारी ६० टक्के जादा मिळतात, त्यामुळे नाईट आणि रविवार कोणाला नको असतात असं नाही, उलट मागून घेतात. लंडनला वेगळा भत्ता आहे, पण तो घरभाड्यातच जातो.

सगळे एकदम जायचं की आधी एकटीने?

मला याच प्रश्नावर सगळ्यात जास्त मेसेज येतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एकटीने जा, पिन मिळू दे, मग घरचे बोलवा. का, ते सांगते. नोकरी सुरू झाली की तीन महिन्यांच्या आत पहिली ओएससीई द्यावी लागते आणि आठ महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन व्हावं लागतं. ते नाही झालं तर स्पॉन्सरशिपच जाते, आणि तुमचा व्हिसा गेला की नवरा-मुलांचाही जातो. आता कल्पना करा की या काळात पगार खालच्या बँडचा, राहायला हॉस्पिटलची एक खोली जिच्यात मुलांना परवानगी नाही, नवऱ्याला अजून काम नाही, पोरगं नवीन शाळेत रडतंय आणि तुम्ही बारा तासांची ड्युटी करून घरी येऊन ओएससीईच्या पायऱ्या पाठ करताय. कशाला ते? घरच्यांचा व्हिसा नंतरही मिळतो, फी तेवढीच लागते. तान्हं बाळ असेल किंवा मागे सांभाळायला खरंच कोणी नसेल तर गोष्ट वेगळी, मग निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून निघा.

हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाची (नर्सेसना मिळतो तो) फी एप्रिल २०२५ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला ३०४ पौंड आणि त्याहून जास्तीच्या व्हिसाला ५९० पौंड होती, माणशी, मुलांनाही तेवढीच. यात मोठा फायदा असा की हेल्थ सरचार्ज (एनएचएसच्या उपचारांसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) माफ आहे, घरच्यांनाही. बाकीच्या नोकरीवाल्यांना तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड भरावा लागतो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे किती वाचतात बघा.

बँकेत पैसे दाखवायचे असतात: स्वतःसाठी १,२७०, नवऱ्यासाठी २८५, पहिल्या मुलाला ३१५ आणि पुढच्या प्रत्येकाला २०० पौंड, आणि ते २८ दिवस खात्यात सलग पडून असायला हवेत. मधे एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो, म्हणून त्या खात्यातून ईएमआय जात असेल तर वेगळं खातं वापरा. हॉस्पिटलने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर मेंटेनन्सची (सुरुवातीच्या खर्चाची) हमी दिली असेल तर हे दाखवायला लागत नाही, पण ती हमी घरच्यांसाठीपण आहे का ते विचारून घ्या.

टीबीची टेस्ट यूकेने ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच करायची, आपल्या हॉस्पिटलचा एक्सरे चालत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्सरे काढत नाहीत, पण क्लिनिकला न्यावं लागतं. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, त्यामुळे फार आधी करून ठेवू नका. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो, तोही वेळेचा हिशोब करून काढा.

आता एक नियम जो खूप जणींना शेवटच्या क्षणी कळतो. मुलांना डिपेंडंट (तुमच्या व्हिसावर येणारे घरचे) म्हणून न्यायचं तर साधारणपणे आई आणि बाप दोघंही तिथे असले पाहिजेत किंवा सोबत जात असले पाहिजेत. "नवरा इथे सरकारी नोकरीत राहील, मी पोरांना घेऊन जाते" हा प्लॅन बहुतेक वेळा बसत नाही. मुलाची पूर्ण जबाबदारी एकटीवर आहे, म्हणजे घटस्फोट होऊन ताबा आईकडे आहे किंवा वडील हयात नाहीत, असं असेल तर ते कागदांनी सिद्ध करून नेता येतं. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाला पहिल्यांदा डिपेंडंट म्हणून अर्ज करता येत नाही, म्हणून मुलगा सतरा वर्षांचा असेल तर "आधी एकटीने जा" हा माझा सल्ला विसरा आणि त्याचा अर्ज लगेच टाका.

पाच वर्षांनी पीआर मिळते हे गृहीत धरून कर्ज काढू नका. पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मे २०२५ मध्ये मांडलाय.

ओएससीई

याच्यावर क्लासवाले तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. दहा स्टेशन असतात. चार एका पेशंटभोवती फिरतात, असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. चार स्किलची, आणि दोन लेखी, ज्यात बोलायचं नसतं. फी ७९४ पौंड, पहिल्यांदाची बहुतेक हॉस्पिटलं भरतात. सेंटर नॉर्दम्प्टन, ऑक्सफर्ड, न्यूकॅसल, लीड्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये. एका अर्जात तीन चान्स, मग सहा महिने थांबावं लागतं.

आपल्या पोरी स्किल येत नाही म्हणून नापास होत नाहीत. नापास होतात ते बोलत नाहीत म्हणून. आपल्याला हातात सिरिंज घेऊन गप्प काम करायची सवय, कारण इथे एका नर्सला तीस-चाळीस पेशंट असतात, बोलायला वेळ कुठला. तिथे प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणायची. हात धुतले, पडदा ओढला, नाव आणि जन्मतारीख पेशंटकडूनच वदवून घेतली, ॲलर्जी विचारली आणि हातातल्या पट्टीशी ताडून बघितली, परवानगी मागितली, मग औषधाला हात लावला. लिहिताना खाडाखोड नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही, तारीख, वेळ. घरी आरशासमोर मोठ्याने बोलत सराव करा, नवरा व्हिडिओ कॉलवर असेल तर त्यालाच पेशंट बनवा, माझ्या ओळखीतल्या एकीच्या नवऱ्याला एवढ्यात एनईडब्ल्यूएस चार्ट (पेशंटची नाडी, बीपी वगैरे नोंदवायचा तक्ता) भरता यायला लागला.

कोपराखाली हात मोकळे लागतात. बांगड्या, घड्याळ, खड्याची अंगठी चालत नाही, साधी वळ्याची एक अंगठी चालते. मंगळसूत्राचं हॉस्पिटलच्या पॉलिसीवर असतं, ड्युटीवर बहुतेक जणी काढूनच ठेवतात, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे व्हिडिओ कॉलवर प्रश्न नको. आणि पहिल्याच महिन्यात आरसीएन किंवा युनिसन या युनियनची मेंबरशिप घ्या. काही झालंच तर शेजारी बसणारं कोणीतरी हवं.

घर

एकटी असताना हॉस्पिटलची खोली ठीक. घरचे यायच्या दीड-दोन महिने आधी घर शोधायला लागा. लहान शहरात दोन बेडरूमचं घर महिन्याला हजार पौंडाच्या आसपास धरा, म्हणजे तुमचा अर्धा पगार. डिपॉझिट इंग्लंडमध्ये पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि मालकाने ते तीस दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवायचं असतं, त्याची पावती मागा. घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत, फोटो कितीही छान असले तरी. मालक शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासायचा कोड) मागतो, तो ई-व्हिसाच्या अकाउंटमधून निघतो. तिथली क्रेडिट हिस्ट्री नसते म्हणून गॅरंटरही मागतात, तेव्हा हॉस्पिटलच्या एचआरचं पत्र बऱ्याचदा कामाला येतं.

घर बघताना किचन-हॉल नंतर बघा, आधी सकाळी सहाची बस आहे का ते बघा. लाँग डे (दिवसाची बारा तासांची ड्युटी) साडेसातला सुरू होतो, रविवारी बस उशिरा सुरू होतात आणि गाडी लगेच येणार नाही. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली काळे डाग दिसले तर ते घर नको, ती बुरशी असते आणि लहान मुलांची छाती धरते. कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे तिथली पालिका, तिचा घरपट्टीसारखा कर) भाड्यात आहे का ते विचारा, बहुतेक नसतो. एकट्या राहत असाल तोवर त्यात २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

मुलांची शाळा

सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या असतात. पत्ता मिळाला की तिथल्या कौन्सिलच्या साईटवर इन-इयर ॲडमिशनचा (वर्षाच्या मधे प्रवेशाचा) फॉर्म भरायचा. जवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही, दोन मुलांना दोन वेगवेगळ्या शाळा मिळाल्याचंही बघितलंय, तेव्हा वेटिंग लिस्टला नाव ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी फोन करा. वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबरला मूल किती वर्षांचं आहे त्यावर, त्यामुळे इथे तिसरीत असलेलं आठ वर्षांचं पोरगं तिथे इयर फोरला बसतं. घाबरू नका, अभ्यास त्यांना सोपाच जातो, जड जातं ते डब्यातलं थंड सँडविच.

नववी-दहावीतल्या मुलांचं मात्र नीट बघा. तिथे इयर टेन आणि इलेव्हन ही दोन वर्षं जीसीएसईची (तिथल्या दहावीसारख्या परीक्षेची), मधेच शिरलं तर विषय आणि सिलॅबस जुळत नाही. मला विचाराल तर दहावीची बोर्डाची परीक्षा इथे देऊ द्या आणि मग ए-लेव्हलला (तिथल्या अकरावी-बारावीला) न्या. आणि इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटीची फी डिपेंडंट मुलाला साधारणपणे इंटरनॅशनलच लागते, पीआर झाल्यावरच होम फी (तिथल्या मुलांना लागते ती कमी फी), हे आधीच डोक्यात असू द्या.

लहान मुलांसाठी: तीन आणि चार वर्षांच्या मुलांना इंग्लंडमध्ये शाळेच्या दिवसांत आठवड्याला १५ तास फुकट नर्सरी मिळते. त्यापलीकडचे तास महाग, पूर्ण वेळ म्हटलं तर दुसरं घरभाडं. तुमच्या व्हिसावर चाइल्ड बेनिफिट वगैरे मिळत नाही, मैत्रिणीला मिळतं म्हणून अर्ज करू नका, ती बहुधा पीआरवाली असते.

नवरोबा

डिपेंडंट नवऱ्याला जवळजवळ कुठलंही काम करता येतं, स्वतःचा धंदासुद्धा. पण इथला सिव्हिल इंजिनिअर तिथे पहिल्या महिन्यात इंजिनिअर होत नाही, आधी वेअरहाऊस, सुपरमार्केट नाहीतर हॉस्पिटलमध्येच पोर्टर, अशी सुरुवात होते. हे बोलणं विमानात बसायच्या आधी झालेलं बरं. शिवाय तुमची नाईट असली की मुलांची वेणी-फणी, डबा, शाळेत सोडणं हे त्यालाच बघायचंय, म्हणून निदान कुकर लावणं, पोळ्या आणि एक भाजी एवढं शिकूनच या. हसू नका, यावरून भांडणं होतात.

भारतातल्या लायसन्सवर एक वर्ष गाडी चालवता येते, नंतर तिथलंच लागतं, ते अदलाबदल होत नाही. प्रॅक्टिकल टेस्टला तारखा मिळायला कित्येक महिने जातात, तेव्हा पोचल्या पोचल्या प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढा आणि थिअरी देऊन टाका.

बॅगेत काय

दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, बर्फी सगळं आलं, एअरपोर्टला काढून फेकतात. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी, पापड खुशाल न्या. तूर डाळ, पोहे, कणीक तिकडे इंडियन दुकानात मिळतं, दहा-दहा किलो नेऊ नका. कुकर न्या, जास्तीच्या रिंगा आणि शिट्टीसकट. जाडजूड कोट इथून घेऊ नका, इथले कोट तिथल्या वाऱ्याला पुरत नाहीत. दात आणि डोळ्यांची कामं मात्र इथेच उरकून घ्या, सगळ्यांची, कारण एनएचएसचा डेंटिस्ट मिळणं म्हणजे नशीबच. चष्म्याचे दोन जोड करा. मुलांचं लसीकरणाचं कार्ड आणि तुमचे हेपेटायटिस बी, कांजिण्या, गोवर यांचे रिपोर्ट हँडबॅगमध्ये ठेवा, ऑक्युपेशनल हेल्थवाले (स्टाफची तब्येत तपासणारा हॉस्पिटलचा विभाग) पहिल्या आठवड्यातच मागतात.

पोचल्यावर जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) सगळ्यांची नावं घाला, कोणी आजारी नसलं तरी. निघायच्या आधी बँकेत सांगून सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्या, ते राहून जातं आणि मग ओटीपी भारतातल्या बंद पडलेल्या सिमवर जात राहतो.

आई-वडील, सासू-सासरे

त्यांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही, कोणी काहीही सांगो. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने येऊन राहू शकतात. अर्जात "नातवंडं सांभाळायला" असं लिहू नका आणि तसा बेतही करू नका, व्हिजिटरला ते काम म्हणून करता येत नाही, आजी भेटायला आली आणि नातवाबरोबर राहिली हे वेगळं. डिसेंबर-जानेवारीत बोलवू नका, चार वाजता अंधार पडतो आणि त्यांना बाहेर पडता येत नाही, मे ते ऑगस्ट चांगला. बीपी-शुगरची औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणा. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना जुने आजार लपवू नका, तिथे व्हिजिटरला ॲडमिट करायची वेळ आली तर नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं आणि लपवलेल्या आजारावर कंपनी एक पैसा देत नाही.